सोळाव्या किल्लीचं पोस्टर

मुत्यालवार सरांना चहा दिला की पहिला घोट घेऊन ते मार्क द्यायचे. दहापैकी. माझ्या आईच्या चहाला कायम साडेसहा, शाळेच्या शिपायाच्या चहाला चार, आणि आदिलाबादच्या बसस्टँडवरच्या चहाला चक्क आठ. चहाच कशाला, ते कशालाही मार्क द्यायचे. जैनथच्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेक कसा लावतो त्याला, हेडमास्तरांच्या पंधरा ऑगस्टच्या भाषणाला, नवरदेवाच्या फेट्याला, एखाद्या लेकराच्या रडण्यालासुद्धा. "सूर बरा हाय, पन दम नाई. पाच." ज्याला मार्क मिळाले तो हसायचा नाहीतर चिडायचा, सरांना त्याचं सोयरसुतक नसायचं. दहा मात्र कोणालाच मिळाले नाहीत. मी एकदा विचारलं, "सर, तुमी सोताले किती देता?" तर म्हणाले, "पेपर तपासनं चालू हाय."

सर जाऊन आता वर्ष होईल. लोक भेटले की त्यांच्या पोस्टरांबद्दल बोलतात. बोलावंच. पण मला त्यांच्याबद्दल जे सांगायचं आहे ते एकाच पोस्टरचं आहे, आणि ते त्यांनी सांगायला लावलं म्हणून सांगता येतंय.

आमच्या मराठी शाळेत ते ड्रॉइंगचे सर होते. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढे त्याच शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर त्यांची सहकारी. स्टाफरूममध्ये ते मला 'मॅडम' म्हणायचे, इतक्या अदबीनं की मला कानकोंडं व्हायचं. शाळेचं फाटक ओलांडलं की लगेच "शोभे, थांब ना वं!" त्या फाटकाच्या आत आणि बाहेर अशा दोन शोभा होत्या आणि दोघींनाही ते बरोबर सांभाळायचे.

उंच माणूस. भर मे महिन्यात, आदिलाबादचं ऊन माणसाचं भरीत करत असताना, फुल बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. नखांत रंग. हातात छत्री, पण ती ऊनपावसासाठी नव्हती. बाजारातून चालताना मध्येच थांबून ते छत्रीच्या टोकानं दुकानांच्या पाट्या तपासायचे. आमच्याकडे पाटी म्हणजे एका फळीवर तीन-चार भाषा दाटीवाटीनं बसवायच्या. सरांना चारही लिपी ब्रशनं काढता यायच्या, त्यांतली तेलुगू वाचताना मात्र अडखळायचे. "तेलुगू अक्षराले पोट असते," ते सांगायचे, "त्याले खाली जागा सोडा लागते. मराठीले डोक्यावर रेघ, तिले वर जागा पायजे. उर्दू झोपून येते, तिले आडवं हातरून टाका. सगळे एका घरात राहू शकतेत, पन ज्याले त्याले जागा देल्ली पायजे." पहिली नोकरी बेज्जूरच्या जंगलात, तिथं रंगपेट्या कुठल्या! तिथं पोरांना पळसाची फुलं उकळून केशरी आणि चुलीतल्या कोळशाचा काळा, एवढ्या दोन रंगांत वर्षभर चित्रं काढायला लावली, असं ते सांगत. त्या दोन रंगांना त्यांनी नऊ मार्क दिले होते. माझ्या माहितीत तो उच्चांक.

त्यांच्या वर्गात एकच नियम होता आणि तो मोडला तर सर खरंच चिडायचे. चित्र काढलं की उजव्या कोपऱ्यात, खाली, लहान अक्षरांत एक शब्द लिहायचा. 'पाहून' किंवा 'मनातून'. कॅलेंडरवरचा देव पाहून काढला? लिहा 'पाहून'. आणि त्याच्यापुढे कोणाचं पाहून तेही, माहीत असेल तर. स्वतःच्या डोक्यातून काढलं? लिहा 'मनातून'. पाहून काढायला बंदी नव्हती. उलट ते म्हणायचे, पाहून काढल्याशिवाय हात तयार होत नाही, खुशाल काढा, पण कोपरा भरा. मी सहावीत असताना मोर काढला होता, चुलतभावाच्या वहीतला जसाच्या तसा, आणि खाली ठसठशीत लिहिलं होतं 'मनातून'. सरांनी वही हातात घेतली, मोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा मोर मी कालच सातवीच्या वर्गात पायला," ते म्हणाले. "रातीतून तुह्या मनात कवा आला?" सगळा वर्ग हसला. मी रडले. त्यांनी शब्द खोडून 'पाहून' लिहायला लावलं आणि मग मोराला सात मार्क दिले. मला ते गणित तेव्हा कळलं नाही. खोटं बोललेली मी, आणि सात?

आमच्या गावात सगळ्यांना सर ठाऊक होते ते मात्र या शाळेमुळे नाही, नाटकामुळे. आमचं एक हौशी मराठी नाट्यमंडळ आहे. नोकरदार, किराणावाले, भाजीवाले, सगळे त्यात. गणपतीत तीन दिवस नाटक. मंडळाची पोस्टरं सर काढायचे, मोठ्या कापडावर, माणसापेक्षा उंच, आणि ती बसस्टँडसमोर बांबूवर उभी राहायची. त्यांतलं एक पोस्टर म्हणजे 'सोळावी किल्ली' या नाटकाचं. उंबऱ्यावर उभी एक बाई, मागं अर्धवट उघडं दार, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि ती सरळ तुमच्याकडे पाहते आहे. मी तेव्हा शाळेत होते. ते पोस्टर पाहायला जैनथहून, गुडीहत्नूरहून माणसं यायची, नाटकाचं तिकीट न काढणारीसुद्धा. बायका म्हणायच्या, रस्त्याच्या कुठल्याबी कोपऱ्यात उभं राहा, ती आपल्याकडंच पाहून राह्यली. आमच्या शेजारच्या आत्याबाई तर पदर सारखा करून तिच्यासमोरून जायच्या. आज चाळीशी-पन्नाशीत असलेल्या आदिलाबादच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, ती बाई त्याला आठवते.

ती बाई किती प्रसिद्ध, ते मला कळलं मागच्या काही वर्षांत. गावात एक फ्लेक्सवाला आला. ब्रश बंद पडले, सगळं कॉम्प्युटरवर. एका सकाळी सरांनी मला फोन केला, "शोभे, चौकात ये. मजा दाखवतो." गेले. साडीच्या दुकानावर वीस फुटी फ्लेक्स, आणि त्यावर सोळाव्या किल्लीवाली बाई, पण अंगावर दुकानातली साडी चढवलेली आणि किल्ल्यांच्या जागी कूपन. जुन्या फोटोवरून कोणीतरी उचलली होती. सर छत्री टेकवून तिच्याकडे पाहत उभे. मला वाटलं आता भडकणार. ते शांतपणे दुकानात गेले.

"भाई, ये बाई किसकी है?"

दुकानदार गडबडला. "सर, मोबाइलवर फिरत होती ना. सगळ्यांचीच आहे."

"तुमचा बैल बजारात उभा दिसला तर म्या दावं सोडून नेऊ का? तो बी सगळ्यांले दिसते."

दुकानदार म्हणाला, मग कॉलेजच्या त्या मुलीला कसं वापरू दिलं? झालं होतं असं की त्याच्या आदल्याच महिन्यात एका मुलीनं तिच्या प्रोजेक्टमध्ये हेच पोस्टर छापलं होतं आणि सरांनी एका शब्दानं तिला अडवलं नव्हतं. सर हसले. "तिनं माह्या बाईवर चार पानं लिवली. चांगलं लिवलं, वाईट बी लिवलं. तुमी तिच्यावर काय लिवलं? पन्नास टक्के सूट!" फ्लेक्स संध्याकाळपर्यंत उतरला. सरांनी माफी मागायला लावली नाही, काही मागितलंच नाही. फक्त जाताना फ्लेक्सच्या अक्षरांना दोन मार्क देऊन गेले.

त्या दिवशी मला ते फारच मोठे वाटले. आणि म्हणूनच पुढचं जड गेलं.

मंडळानं स्वतःच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. सरांची तीसेक पोस्टरं आत छापायची, आणि मुखपृष्ठावर अर्थातच सोळावी किल्ली. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब, वयानं सरांच्या बरोबरीचे, मुखपृष्ठ कसं दिसेल याची प्रिंट खिशात घालून गावभर फिरले. मी पेढे आणि तसलीच एक प्रिंट घेऊन सरांच्या घरी गेले. कमलाकाकूंनी दार उघडलं. पेढे पाहून म्हणाल्या, "आता काय नवीन?" मी मुखपृष्ठाचं सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला. आत वळून म्हणाल्या, "घ्या. आली तुमची बाई."

सर बराच वेळ ती प्रिंट पाहत बसले. मग म्हणाले, "कव्हरवर नाई."

"काऊन सर?"

"माही नाई ती."

मला वाटलं थट्टा. ते उठले, आतल्या खोलीतून लोखंडी पेटी ओढून आणली, आणि तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद काढला. छापील पोस्टर होतं, घड्यांवर विरलेलं. पुण्याच्या एका नाट्यसंस्थेचं, 'सोळावी किल्ली'चंच. उंबऱ्यावर बाई, मागं अर्धवट दार, हातात जुडगा. खाली कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, अग्निहोत्री, आणि पुण्याचा पत्ता.

खरं सांगते, मला राग आला. इतका राग, की पेढ्यांचा डबा तिथंच टाकून निघून जावंसं वाटलं.

झालं होतं असं. सर बेज्जूरहून नुकतेच बदलून आदिलाबादला आले होते. मंडळाचं पहिलंच काम. त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक पोस्टर काढलं, मंडळींनी त्याला नाकं मुरडली. तेव्हाचे चिटणीस म्हणजे हेच भाऊसाहेब, ते पुण्याहून हे छापील पोस्टर घेऊन आले आणि म्हणाले, असंच पाहिजे, आठ दिवसांत. सरांनी काढलं. पोस्टर गाजलं, नाटक गाजलं, आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर भाऊसाहेबांनी माइकवर सांगितलं, ही आमच्या सरांच्या डोक्यातून आलेली कल्पना. शाल, नारळ, टाळ्या.

"तवाच बोला लागत होतं," सर म्हणाले. "माइक मायासमोरच होता. एक वाक्य तं होतं. पन नवीन गाव, नवीन लोकं, आन टाया वाजून राह्यल्या होत्या. घेतली शाल."

"मग कोपऱ्यात?"

"कोपरा रिकामा हाय. पायलं नाई का तू? सगळ्या जिल्ह्यानं ते पोस्टर पायलं, कोपरा कोनीच नाई पायला." मग म्हणाले, "तुले काय वाटते, ते पाहून-मनातून म्या तुमच्यासाठी काढलं होतं? ते माह्यासाठी होतं. पुढच्याच वर्षापासून चालू केलं."

काकू दारातून म्हणाल्या, "मले लग्नाच्या वर्षीच सांगतलं त्यायनं. मी म्हनलं, सांगून टाका गावाले. तं म्हनते, आज सांगतो, उद्या सांगतो. गावाले एकदा वाटलं की वाटलं."

सरांना आता काय हवं होतं ते त्यांनी बोटावर मोजल्यासारखं स्पष्ट सांगितलं. मुखपृष्ठावर दुसरं काही घाला. ही बाई पुस्तकाच्या आत घाला, आणि तिच्या शेजारी पुण्याची मूळ बाई घाला, आणि सगळं खरं लिहा. तेही ते जिवंत असताना. मेल्यावर कोणी शोधून काढलं तर ती चोरी पकडली जाईल, आत्ता सांगितलं तर ते त्यांचं सांगणं असेल. हे मात्र त्यांनी अगदी खालच्या आवाजात सांगितलं.

म्हणायला सोपं. पुण्याची बाई छापायची तर परवानगी लागणार. पोस्टरवरच्या पत्त्यावर आम्ही पत्र पाठवलं, माझा फोन नंबर घालून. दोन महिने काही उत्तर नाही. आमचे प्रकाशक नागपूरचे, त्यांनी हात वर केले. परवानगी नाही तर चित्र नाही, उगाच लफडं नको, दोन्ही पोस्टरं काढून टाका. म्हणजे पुस्तकातून ते पोस्टरच गायब, आणि खरं सांगायची जागाही गायब.

सर मला घेऊन गेले सय्यद वकीलसाहेबांकडे. कोर्टासमोर त्यांचं ऑफिस, म्हातारे, सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. त्यांनी दोन्ही पोस्टरं टेबलावर मांडून घेतली आणि चष्मा वर केला. "देखो मास्टर. तस्वीर बनानेवाला गुजर भी गया हो तो साठ साल तक हक उसके घरवालों का. उसको उठाके कवर पे नहीं लगा सकते. मगर कानून में एक गुंजाइश है. किसी चीज पे तनकीद करनी हो, उसका अच्छा-बुरा लिखना हो, तो जितनी जरूरत है उतनी दिखा सकते. नाम देना पड़ेगा. छोटी रखो. और लिखना सच में पड़ेगा, दिखावे का नहीं."

सर बाहेर आले ते एकदम तरतरीत. "ऐकलं का? लिवलं तं दाखवता येते. नाई लिवलं तं ती सजावट, म्हनजे तो साडीवाला. आता सगळं तुह्यावर."

मी लिहिलं. रात्रंदिवस सरांचं भलं कसं दिसेल याचाच विचार करत लिहिलं. 'एका थोर कलावंताच्या आयुष्यातील एक भावोत्कट वळण' असं काहीतरी. सरांनी वाचलं आणि कागद परत दिला.

"तीन."

"तीन?"

"ही आरती हाय. आरतीसाठी पुन्याच्या मानसाचं चित्र वापरता येत नाई, वकीलसाहेबानं काय सांगतलं? माह्या चुका लिही. दोन्ही चित्रं बाजू-बाजूले ठेव आन पाय. मास्तरीन हायेस ना तू? मंग पेपर तपास."

आता सांगते, वीस वर्षं मी पेपर तपासले, पण असा नाही तपासला. लाल पेनच घेतलं. दोन्ही बायका समोर ठेवल्या. किल्ल्या मोजल्या, दोन्हींत सोळा, आणि त्यांतली एक वाकडी, ती वाकडीसुद्धा तशीच उतरवलेली. दाराची फळी तीच, फळीतली गाठ तीच. पदराची घडी तीच, पण सरांच्या हातून खांद्यावर कडक झालेली. उजव्या हाताची बोटं साफ चुकलेली, जुडगा धरलेला वाटतच नाही, हाताला चिकटवलेला वाटतो. लिहिलं सगळं. सर मान डोलावत वाचत होते, एखाद्या हुशार पोराचा निबंध वाचावा तसे खुश. बोटांपाशी आल्यावर म्हणाले, "बरोबर. आठ येळा काढली ती बोटं, जमलीच नाईत."

मग शेवटच्या परिच्छेदावर त्यांची नजर अडली. मी लिहिलं होतं: पुण्याच्या पोस्टरमधली बाई खाली, किल्ल्यांकडे पाहते. आदिलाबादची बाई मान वर करून समोर पाहते. जिल्ह्याला जी बाई आठवते ती या डोळ्यांमुळे, आणि हे डोळे मूळ पोस्टरमध्ये नाहीत.

"हे काढ," सर म्हणाले.

"काऊन? खरं नाही का?"

"खरं हाय, पन ती बी चूकच हाय. मले खाली पाहनारे डोये जमत नव्हते. चार येळा पुसले. बोटं बी चुकली, डोये बी चुकले. डोयाचं तेवढं कौतिक कायले?"

"सर," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला, "पेपर मी तपासून राह्यली. मार्क द्यायचा अधिकार कोणाचा?"

काकू आतून जोरात हसल्या. परिच्छेद राहिला.

खरा तमाशा झाला तो मंडळाच्या बैठकीत. भाऊसाहेब उभे राहिले, कपाळावर आठ्या. हे काय नसतं उकरून काढलंय, म्हणाले. मंडळाची अब्रू त्या पोस्टरवर उभी आहे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात आम्हीच लिहायचं की आम्ही पुण्याची नक्कल केली? पुणेवाले हसतील. लोक म्हणतील यांचं सगळंच उचललेलं. हे पान निघालंच पाहिजे, नाहीतर मंडळ पुस्तक काढणार नाही. चारपाच जणांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर, त्यांच्या बोलण्यात दम होता. मी कागद आवरायला घेतले.

सर मागच्या खुर्चीवर होते, ते उठले.

"भाऊ, पोस्टर तू आनलं, काढलं म्या. शाल एकाच माइकवर दोघायनं वाटून घेतली, नाई का? आता मी माही परत करून राह्यलो. तुही ठेव तुले ठेवाची असन तं." मग सगळ्यांकडे वळून, "पान काढाचं असन तं खुशाल काढा. पन त्या पुस्तकात माही तीस पोस्टरं हायेत. ती मनातून काढली हायेत, माही हायेत, आन ती छापाले परवानगी माही लागते. हे पान नाई, तं एकबी पोस्टर नाई. कोरं पुस्तक काढा. कागद चांगला वापरा म्हनजे झालं."

भाऊसाहेब बसले. शेवटी तेच म्हणाले, "मग माहं नाव बी लिहा त्याच्यात. आनलं मीच होतं." आणि रुमालानं चष्मा पुसायला लागले. मला त्या माणसाचा राग होता, तो तिथंच उतरला.

वकीलसाहेबांचं म्हणणं प्रकाशकांनाही पटलं आणि पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर पोस्टर नाहीच, नुसती अक्षरं, सरांनी ब्रशनं काढलेली. आतल्या त्या पानावर दोन बायका शेजारी-शेजारी, काडेपेटीएवढ्या, खाली दोघांची नावं, आणि भोवती माझा लाल पेनचा पेपर. गावात बोलणं झालं. काही लोकांनी सरांना रस्त्यात टाळलं. आमच्या शेजारच्या आत्याबाईंनी मात्र मला थांबवून विचारलं, "ते डोये त्यायचेच हायेत ना?" हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाल्या आणि गेल्या. सर पहिले आठ दिवस नेहमीसारखे बाजारात फिरले नाहीत. नवव्या दिवशी छत्री घेऊन बाहेर पडले आणि एका मेडिकल दुकानाच्या नव्या पाटीला साडेतीन मार्क देऊन आले. काकूंनी मला फोन करून कळवलं.

सरांच्या हट्टानं पुस्तकाची एक प्रत पुण्याच्या त्या जुन्या पत्त्यावरही पाठवली होती, आत माझा फोन नंबर लिहून. पाठवून काय उपयोग, मी म्हटलं होतं. दीड महिन्यानं माझ्या मोबाइलवर मेसेज आला. अग्निहोत्रींची मुलगी. ती आता त्या पत्त्यावर राहत नव्हती, पण पुस्तक फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं होतं, आमचं आधीचं पत्र मात्र पोचलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पोस्टरांचं प्रदर्शन ती भरवत होती. तिनं लिहिलं होतं, बाबांची ही बाई आम्ही घरात सगळ्यांनी कायम खाली पाहतानाच पाहिली. तुमच्याकडे जाऊन तिनं मान वर केली, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मुत्यालवार सरांचं पोस्टर बाबांच्या पोस्टरशेजारी लावायची इच्छा आहे. त्यांची परवानगी मिळेल का? नुसतं 'हो' असा मेसेज आला तरी चालेल.

मी धावत गेले. सरांना मेसेज वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग स्वतः मोबाइल हातात घेऊन, नाकाजवळ धरून, ओठ हलवत वाचला.

"टाकू का 'हो'?" मी विचारलं.

ते माझ्यावर खेकसलेच. "एवढी मोठी गोष्ट, आन मेसेजवर 'हो'? पत्र लिवतो."

पत्राला तीन दिवस लागले. काकू सांगतात, पाच कागद फाडले. शेवटी जे झालं ते सहा ओळींचं होतं, ठळक, एका मापाच्या अक्षरांत. माझं चित्र आपण लावावं. आपल्या वडिलांच्या चित्रापेक्षा लहान लावावं. त्याच्याखाली 'अग्निहोत्री यांच्या चित्रावरून' असं लिहावं. आणि मला विचारल्याबद्दल आभार. खाली सही, आणि सहीखाली कंसात 'निवृत्त चित्रकला शिक्षक, आदिलाबाद'.

पोस्टातही त्यांना स्वतःच जायचं होतं. तोवर चालणं कमी झालं होतं, मी ऑटो केला. सकाळची वेळ, स्पीडपोस्टच्या खिडकीला लांब रांग. खिडकीत नवीन तेलुगू पोरगी. पाकीट वजनाला ठेवून तिनं मान न उचलता तेलुगूत विचारलं, आत काय आहे, सर? सगळ्यांनाच विचारते ती, कोऱ्या चेहऱ्यानं. सरांनी कोट घालावा तसं अंग ताठ केलं. तेलुगूत अडखळत तिला सांगितलं, "परमिषन, अम्मा. नेनिच्चानु." ती शिक्का मारायला लागली. मग ते मागं वळले, रांगेतल्या माणसांकडे, ज्यांतल्या कोणीच काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही हिंदीत सांगितलं, "परमिशन है. मैंने दी है." आणि मग माझ्याकडे पाहून, जसं काही मला हे पहिल्यांदाच कळत होतं, "शोभे, म्या देल्ली."